जळालेल्या मोटारीतील तांबे

विहिरीवरील पंपाची मोटार जळाली, म्हणजे शेतकऱ्यापुढे एकाच वेळी दोन चिंता उभ्या राहतात. उभ्या पिकास पाणी द्यावयाचे असते आणि नव्या मोटारीसाठी पैसा उभा करावयाचा असतो. या घाईत जुन्या मोटारीकडे कोणाचेच लक्ष राहत नाही. ती गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा पंपघराच्या भिंतीशी पडून राहते, तिच्यावर कोंबड्या बसू लागतात, आणि एके दिवशी भंगारवाला दारी आला, की नड भागविण्यासाठी ती मिळेल त्या भावाने त्याच्या गाडीवर चढते.

असा एक सौदा प्रस्तुत लेखकाने जवळून पाहिला आहे. पाच अश्वशक्तीची मोटार ताणकाट्यास लटकविली गेली, काट्याने चाळीस किलो दाखविले आणि लोखंडाच्या भावाने पैसे मोजले गेले. त्याच सायंकाळी गावाबाहेरच्या ओढ्याकाठी मोटारीतील तारा पेटवून देण्यात आल्या. काळा धूर शेजारच्या कडब्याच्या गंजीवरून व हिरव्या गवतावरून पसरत गेला. दुसऱ्या दिवशी त्याच गवतावर गावची गुरे चरत होती. शेतकऱ्याच्या पैशाचे नुकसान झाले ते त्याचे एकट्याचे. धुराने झालेले नुकसान साऱ्या गावाचे. ही दोन्ही नुकसाने टाळता येतात. ती कशी, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

तांब्याचे मोल

मोडीचा व्यवहार आपल्याकडे नवा नाही. जुना हंडा किंवा घागर तांबटाकडे देऊन, तिची घट वजा जाता उरलेल्या मोडीच्या किमतीत भर घालून नवे भांडे घेण्याची रीत आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पुण्याच्या तांबट आळीत पेशवाईपासून वस्ती करून असलेल्या कारागिरांचा धंदा याच देवघेवीवर उभा राहिला. तांबे कितीही वेळा वितळविले व शुद्ध केले, तरी त्याचा गुण कमी होत नाही. आजीच्या घागरीतील तांबे उद्या विजेच्या तारेत उपयोगी पडते. हा त्या धातूचा मोठाच गुण होय.

दुसरी गोष्ट अशी की, तांबे खाणीतून काढणे फार कष्टाचे व खर्चाचे काम आहे. आपल्या गोंदिया जिल्ह्यास लागून असलेल्या, मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात मलांजखंड येथे तांब्याची मोठी खाण आहे. तेथील खडकात तांब्याचे प्रमाण सुमारे एक टक्का असते. म्हणजे शंभर किलो खडक फोडावा, दळावा व धुवावा तेव्हा जेमतेम एक किलो तांबे हाती येते. उलट, विजेच्या मोटारीच्या एकूण वजनात साधारणतः सात ते दहा टक्के तांबे असते. या दृष्टीने पाहता गोठ्यात पडलेली जुनी मोटार ही खाणीपेक्षा कितीतरी संपन्न खाण ठरते. आपल्या देशास लागणाऱ्या तांब्याच्या मानाने येथील खनिज अपुरे असल्यामुळे बाहेरून माल आणावा लागतो. सबब, मोटारीतील प्रत्येक किलो तांबे स्वच्छ स्थितीत पुन्हा कारखान्यात जाणे हे देशाच्याही हिताचे आहे.

आज अशा मोटारींची संख्या वाढत आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कुसुम योजनेतून व त्यानंतरच्या राज्याच्या योजनांतून अनेक शेतांवर सौर पंप बसले. तेथील जुने विजेचे पंप अडगळीत गेले. २०१९ व २०२१ च्या महापुरांत कृष्णा व पंचगंगेच्या काठच्या कितीतरी मोटारी पाण्याखाली गेल्या. अशा मोटारींचे काय करावे, हा प्रश्न गावोगावी विचारला जातो.

आधी परीक्षा, मग मोड

मोटार मोडीत काढण्यापूर्वी ती खरोखरच मोडीत काढण्याजोगी आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे. न फिरणारी प्रत्येक मोटार जळालेलीच असते असे नव्हे. कित्येकदा बेअरिंग धरलेले असते, पंपाचा पंखा गाळाने अडकलेला असतो किंवा स्टार्टरमध्ये दोष असतो. मोटार पंपापासून सोडवून तिचा दांडा हाताने फिरवून पाहावा. तो फिरत नसेल, तर दोष यंत्राचा असण्याचा संभव अधिक.

तार जळाली आहे की नाही, याची परीक्षा मोटार भरणाऱ्या कारागिराकडून मेगर या उपकरणाने करून घ्यावी. वेटोळी व मोटारीचे अंग यांमधील रोध एक मेगोहमपेक्षा कमी आला, तर आवरण बिघडले किंवा ओल शिरली असे समजावे. पुरात बुडालेल्या मोटारीत बहुधा ओलच असते. अशी मोटार उघडून, स्वच्छ पाण्याने गाळ धुऊन, उन्हात अथवा मंद उष्णतेवर पूर्ण वाळविल्यास पुष्कळदा पुन्हा कामास येते. वाळविण्यापूर्वी तिला वीज जोडणे म्हणजे चांगली मोटार हाताने जाळणे होय.

तार खरोखर जळाली असेल, तर मोटार पुन्हा भरावी की मोडीत काढावी, हा प्रश्न उरतो. लोखंडी गाभ्याच्या पत्र्या शाबूत असतील, दांडा सरळ असेल व मोटार फार वेळा भरलेली नसेल, तर ती भरून घेणे परवडते. परंतु गाभ्याच्या पत्र्या वितळून एकमेकींस चिकटल्या असतील किंवा रोटर स्टेटरवर घासून खाचा खराब झाल्या असतील, तर भरलेली मोटारही तापते, वीज अधिक खाते व लवकरच पुन्हा जळते. अशी मोटार मोडीत काढणेच शहाणपणाचे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. मोटार भरावयास दिली, तरी तिच्यातील जुनी तार मालकाची असते. ती परत मागावी, अथवा तिचे वजन करून तिची किंमत भरणावळीतून वजा करून घ्यावी. यात पैशाचा लाभ आहेच; शिवाय नव्या कामाची परीक्षाही आपोआप होते. मूळची तार जेवढ्या वजनाची निघाली, जवळजवळ तेवढ्याच वजनाची नवी तार मोटारीत बसावयास हवी. नवी तार बरीच कमी भरली असेल, तर ती बारीक वापरली किंवा वेढे कमी घेतले असे समजावे. अशी मोटार पहिल्या उन्हाळ्यातच दगा देते. म्हणून पावतीवर जुन्या व नव्या अशा दोन्ही तारांचे वजन लिहून घेण्याची सवय शेतकरी बंधूंनी लावून घ्यावी.

मोटारीत तांबे कोठे असते

शेतावरील बहुतेक पंपांस इंडक्शन जातीची मोटार असते. तिचे दोन मुख्य भाग : बाहेरचा स्थिर भाग तो स्टेटर आणि आत फिरणारा तो रोटर. स्टेटरच्या लोखंडी गाभ्यास आतून खाचा पाडलेल्या असतात. त्या खाचांत एनॅमलचे पातळ आवरण असलेल्या तारेची वेटोळी बसवून, वर बांबूच्या किंवा फायबरच्या पट्ट्या ठोकून, सर्वांस व्हार्निश पाजलेले असते. मोटारीतील तांबे मुख्यतः हेच.

जमिनीवरील सामान्य मोटारीच्या रोटरमध्ये तार नसते. त्याच्या खाचांत ॲल्युमिनियम ओतलेले असते व ते लोखंडापासून घरी वेगळे करता येत नाही. तो खटाटोप करू नये. पाणबुडी मोटारींची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्या अनेक नमुन्यांत रोटरमध्ये तांब्याचे गज व दोन्ही टोकांस तांब्याची कडी बसविलेली असतात, आणि पाण्याने भरलेल्या मोटारीच्या वेटोळ्यांवर प्लॅस्टिकचे जाड आवरण असते. म्हणून पाणबुडी मोटारीचा रोटर लोखंडाच्या ढिगात टाकण्यापूर्वी त्याची टोके कानशीने घासून पाहावीत. लाल धातू दिसला, तर तो ढीग निराळा. याखेरीज मोटारीपासून स्टार्टरपर्यंत जाणारी चपटी केबल व स्टार्टरमधील कॉईल यांतही चांगले तांबे असते.

भंगाराच्या बाजारात मोटारीतून निघालेल्या तांब्यास 'आर्मेचर' म्हणण्याचा प्रघात आहे. पंपाच्या मोटारीत ही तार वस्तुतः स्टेटरमध्ये असते. तथापि व्यापारी हा शब्द वापरील तेव्हा शेतकऱ्याने गोंधळून जाऊ नये.

सारीच तार तांब्याची नसते

काही स्वस्त मोटारींत ॲल्युमिनियमची तार वापरतात. वरचे एनॅमल तांबूस असल्यामुळे ती पाहता क्षणी ओळखू येत नाही. याहून फसवी तार म्हणजे आतून ॲल्युमिनियम व वरून तांब्याचा पातळ मुलामा असलेली. यास्तव तार नुसती खरडून पाहू नये. ती पक्कडीने कापून कापलेले तोंड पाहावे. आरपार लाल दिसली तर तांबे; मधोमध पांढरी दिसली तर ॲल्युमिनियम. वजनावरूनही खूण पटते, कारण सारख्याच आकाराचे तांबे ॲल्युमिनियमपेक्षा तिपटीहून अधिक जड असते. चुंबकाची परीक्षा येथे उपयोगी नाही, कारण या दोहोंपैकी कोणताही धातू चुंबकास चिकटत नाही. चुंबकाचा उपयोग लोखंड निवडून बाजूस काढण्यापुरता करावा.

साहित्य व खबरदारी

या कामास लागणारे साहित्य थोडे व गावात मिळणारे आहे : पान्यांचा संच, बेअरिंग काढण्याचा पुलर, धार लावलेली छिन्नी, बोथट सुंभा, हातोडा, लोखंड कापण्याची करवत, पक्कड, जाड कातडी हातमोजे व डोळ्यांवर लावण्याचा चष्मा. चष्मा व हातमोजे यांस फाटा देऊ नये. ताणलेली तार तुटून उसळते, तेव्हा ती नेमकी डोळ्याकडे येते.

काम सुरू करण्यापूर्वी पुढील काळजी घ्यावी.

१. मेन स्विच बंद करून फ्यूज काढून ते आपल्या खिशात ठेवावेत. नंतर तिन्ही फेज टेस्टरने तपासून मगच मोटारीच्या तारा सोडवाव्यात. नुसता स्टार्टर बंद करणे पुरेसे नाही.

२. सिंगल फेज मोटारीस कपॅसिटर असतो. वीज तोडल्यावरही त्यात वीज साठून राहू शकते. साध्या तारेच्या दिव्याची दोन टोके त्याच्या दोन टोकांस काही क्षण लावून ती वीज उतरवावी व मगच हात लावावा. कपॅसिटर फोडू नये. जुन्या कपॅसिटरमधील तेलात विषारी द्रव्य असण्याचा संभव असतो.

३. स्टार्टरमधील किंवा मोटारीतील तेल विहिरीजवळ, ओढ्यात वा शेतात ओतू नये. ते डब्यात भरून, झाकण लावून निराळे ठेवावे.

४. फार जुन्या मोटारींच्या आवरणात ॲस्बेस्टॉस असू शकते. पांढरे, तंतुमय, कुसकरले जाणारे आवरण दिसल्यास ते कोरडे खरवडू नये. अशी मोटार उघडण्याचा मोह टाळून ती तशीच विकावी.

५. सौर पंपाच्या काही मोटारींत कायमचे जबर चुंबक असतात. असा रोटर बाहेर काढताना तो झटक्याने ओढला जाऊन बोटे चिरडतात. ते काम कारागिराकडेच सोपवावे.

६. कामाच्या जागी लहान मुलांस येऊ देऊ नये. बारीक तारेचे तुकडे जनावरांच्या चाऱ्यात गेल्यास त्यांच्या पोटास इजा होते; म्हणून काम ताडपत्रीवर करावे व शेवटी ती झाडून घ्यावी.

तांबे काढण्याची कृती

प्रथम पंख्यावरील झाकण व पंखा काढावा. दोन्ही बाजूंच्या झाकणांचे बोल्ट सैल करून हलक्या हाताने ठोकून झाकणे सोडवावीत. बेअरिंग चांगले असेल तर पुलरने काढून ठेवावे. हातोड्याने मारून काढलेले बेअरिंग पुन्हा उपयोगी पडत नाही. त्यानंतर रोटर सरळ रेषेत बाहेर ओढून घ्यावा.

आता स्टेटर उभा ठेवला, की दोन्ही बाजूंस तारेच्या वेटोळ्यांची डोकी दिसतात. ज्या बाजूस जोडाच्या तारा नाहीत, त्या बाजूची डोकी गाभ्याच्या तोंडाशी लगत, छिन्नीने किंवा करवतीने सर्व बाजूंनी कापून टाकावीत. कापलेला भाग वेगळा ठेवावा. त्यातही पुष्कळ तांबे असते. मग स्टेटर उलटा करून, लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर टेकवून, एकेका खाचेतील तारांवर बोथट सुंभा ठेवून हातोड्याने खाली ठोकावे. तारा थोड्या सरकल्या, की दुसऱ्या बाजूने पक्कडीने किंवा लोखंडी आकड्याने ओढून घ्याव्यात. एका खाचेत फार जोर न लावता सर्व खाचांतील तारा क्रमाने थोड्या थोड्या सरकवीत गेल्यास काम हलके होते.

व्हार्निश फारच घट्ट असेल, तर मोटार भरणाऱ्या ज्या कारखान्यात तापमान राखणारी भट्टी आहे तेथे स्टेटर न्यावा. घरी शेण्या-लाकडांवर तो भाजू नये. मोटार पुन्हा भरावयाची असेल तर ही काळजी अधिकच घ्यावी. कारण बेसुमार तापल्याने पत्र्यांमधील आवरण जळते व गाभाच निकामी होतो.

केबलमधील तांबे काढण्यास चाकू पुरे. केबल काही वेळ उन्हात टाकली, की प्लॅस्टिक मऊ होते. मग लांबीच्या दिशेने चीर देऊन ते सालीसारखे सोलून निघते. चाकू नेहमी आपल्या अंगापासून दूर चालवावा.

निघालेल्या तारेवरील कागद, फायबर व बांबूच्या काड्या वेचून काढाव्यात. तारेवरील एनॅमल मात्र काढण्याची गरज नाही; ते व्यापाऱ्याने गृहीत धरलेलेच असते.

तारा का जाळू नयेत

तारा जाळल्या, की आवरण झटपट निघते, हे खरे. परंतु त्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली किंमत पैशाची. आगीत तांब्यावर काळी खपली धरते व बारीक तार ठिसूळ होते. बाजारात जळालेली ठिसूळ तार वरच्या प्रतीत घेत नाहीत. व्यापारी घट अधिक धरतो व भाव कमी देतो. घाईत जाळलेल्या तारेतील बारीक तुकडे राखेत जातात, ते निराळेच.

दुसरी किंमत आरोग्याची. केबलवरील प्लॅस्टिक बहुधा पीव्हीसी जातीचे असते. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड हा डोळ्यांस व फुप्फुसांस झोंबणारा वायू निघतो. शिवाय डायॉक्सिन नावाची अत्यंत विषारी द्रव्ये तयार होतात आणि तांबे स्वतःच त्यांच्या निर्मितीस चालना देते. म्हणजे विष तयार होण्यास लागणाऱ्या सर्व गोष्टी या एकाच आगीत एकत्र येतात.

तिसरी किंमत शेतीची, आणि हीच शेतकऱ्याने सर्वांत अधिक मनावर घ्यावयास हवी. डायॉक्सिन पाण्यात विरघळून जात नाही व लवकर नाहीसेही होत नाही. ते धुराबरोबर गवतावर व मातीवर बसते, गवताबरोबर गाईच्या पोटात जाते व तिच्या चरबीत साठून दुधातील स्निग्धांशातून बाहेर पडते. मातीत टोचणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांतही ते उतरते. आफ्रिकेतील घाना देशाच्या अक्रा शहरात अगबोग्ब्लोशी नावाचे भंगाराचे मोठे आवार होते व तेथे तांब्यासाठी वर्षानुवर्षे तारा जाळल्या जात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत, तेथे मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांच्या अंड्यांत डायॉक्सिन व तत्सम द्रव्ये इतकी आढळली की, एका अंड्याने प्रौढ माणसाच्या युरोपात ठरविलेल्या दैनिक मर्यादेच्या दोनशेहून अधिक पट विष पोटात जावे. ते आवार २०२१ मध्ये हटविण्यात आले. परंतु मातीत गेलेले विष आवाराबरोबर हटत नाही. आपल्या परसातही कोंबड्या फिरतात आणि गोठ्यातील गाईचे दूध आपल्याच लेकराच्या वाटीत जाते, हे विसरून चालणार नाही.

उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली आहे, हेही येथे नमूद करावयास हवे.

प्रतवारी व हिशेब

माल मिसळून विकणारा नेहमी हलक्या मालाच्या भावाने विकतो. म्हणून पुढीलप्रमाणे ढीग करावेत : केबलमधून सोललेली जाड, चकचकीत तांब्याची तार, मोटारीतून निघालेली एनॅमलची तार, पाणबुडी रोटरमधील तांब्याचे गज व कडी, पितळ व गनमेटलचे भाग, म्हणजे पंपाचे पंखे, बुश इत्यादी, ॲल्युमिनियम, आणि शेवटी लोखंड व बिडाचे भाग. यांपैकी जाड, स्वच्छ व न जाळलेल्या तारेस सर्वांत चढा भाव मिळतो.

आता हिशेब पाहू. भाव दररोज बदलतात. म्हणून सोयीसाठी लोखंडाच्या मोडीचा भाव किलोस १ भाग व तांब्याचा २० भाग धरू. अलीकडच्या बाजारात या दोहोंतील अंतर साधारणतः याच सुमाराचे असते. मोटार ४० किलो वजनाची आहे व तीत ८ टक्के, म्हणजे ३.२ किलो तांबे आहे, असे समजू.

अख्खी मोटार लोखंड म्हणून विकली : ४० × १ = ४० भाग.

मोटार उघडून विकली : तांबे ३.२ × २० = ६४ भाग; उरलेले ३६.८ किलो लोखंडाच्या भावाने ३६.८ भाग, एकूण १००.८ भाग.

म्हणजे जेथे चाळीस रुपये येत होते, तेथे शंभर येतात. पुष्कळ व्यापारी अख्ख्या मोटारीस लोखंडापेक्षा थोडा चढा, स्वतंत्र भाव देतात. असा भाव मिळत असेल, तर अंतर कमी होते. आपली मजुरी व वेळ हिशेबात धरून कोणता सौदा परवडतो ते प्रत्येकाने ठरवावे. परंतु हिशेब न करता विकणे मात्र कधीच परवडत नाही.

माल घरी एकदा तोलून वजने कागदावर लिहून ठेवावीत. निदान तीन व्यापाऱ्यांकडे त्या दिवसाचा भाव विचारावा. वैध मापन अधिनियम, २००९ अन्वये व्यापाऱ्याचा काटा पडताळून मुद्रांकित केलेला असला पाहिजे. ती मुद्रा पाहण्यास संकोच करू नये. प्रत्येक ढीग निराळा तोलावा व पावती घ्यावी.

आपले व परक्याचे

तांब्याचे मोल वाढले, तसे त्याच्या मागे चोरही लागले. रातोरात पंपाच्या केबली कापून नेल्या जातात, रोहित्र फोडून त्यातील तार व तेल पळविले जाते आणि ऐन हंगामात अनेक शेतकऱ्यांचे पाणी एकदम बंद पडते. दोनचार किलो तांब्यापायी साऱ्या शिवाराचे पीक वाळते. म्हणून मोडीच्या व्यवहारात मालकीचा पुरावा जपणे हे केवळ कागदी काम नव्हे. ते आपल्या सर्वांच्या पिकाचे संरक्षण आहे.

मोटारीच्या अंगावरील नावपाटीवरचा क्रमांक, खरेदीची पावती व विक्रीची पावती एकत्र ठेवावी. मोटार कर्जातून किंवा अनुदानातून घेतली असेल, तर विकण्यापूर्वी संबंधित बँकेस वा कार्यालयास विचारावे. बेवारस वा संशयित तार कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. विजेच्या तारा व साहित्य यांच्या चोरीस विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १३६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते, आणि असा माल अप्रामाणिकपणे घेणाराही कलम १३७ अन्वये शिक्षेस पात्र ठरतो. खांबावरील तार व रोहित्र ही वीज वितरण कंपनीची मालमत्ता आहे. ती बंद पडलेली दिसली तरी तिला हात लावू नये. त्यात कायद्याचा भंग आहे आणि प्राणाचाही धोका आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

या कामी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढाकार घेतल्यास पुष्कळ काही साधेल. एखाद्या जुन्या मोटारीवर, मोटार भरणाऱ्या जाणत्या कारागिराच्या हातून, मेळाव्यात प्रात्यक्षिक करून दाखवावे. हजार शब्दांनी जे पटत नाही, ते निघालेली तार डोळ्यांसमोर तोलून दाखविल्याने पटते. न जाळलेल्या व जाळलेल्या तारेचा एकेक नमुना जवळ ठेवावा व दोन्ही शेतकऱ्याच्या हाती देऊन वाकवून पाहण्यास सांगावे.

गावातील दहापंधरा जुन्या मोटारी एकत्र करून विकल्यास थोरला व्यापारी गावापर्यंत येतो व भावही बरा देतो. विविध कार्यकारी सहकारी संस्थेने किंवा शेतकरी गटाने हे काम अंगावर घ्यावे, प्रत्येकाच्या मालाचे वजन व मोटारीचा क्रमांक वहीत नोंदवावा आणि पैसे ज्याचे त्यास चोख द्यावेत. तारा जाळणाऱ्या मुलांस नुसते रागावून उपयोग होत नाही. ती मुले बहुधा पोटासाठी ते काम करीत असतात. त्यांस चाकूने केबल सोलण्याची रीत व न जाळलेल्या तारेस मिळणारा वाढीव भाव दाखवून द्यावा.

एक शेवटची सूचना. मोटारीतून तांबे काढणे हा नुकसानीत थोडी भरपाई करण्याचा मार्ग आहे. खरा लाभ मोटार जळू न देण्यात आहे. एक फेज गेली असता मोटार बंद पाडणारे साधन बसवावे, स्टार्टरचा ओव्हरलोड रिले योग्य अँपिअरवर ठेवावा, व्होल्टेज फार खाली असता पंप चालवू नये आणि बेअरिंगचा आवाज बदलताच काम थांबवावे. इतके केले, तर गोठ्याच्या कोपऱ्यातील ती जागा रिकामी राहील. आणि जी मोटार जळालीच, तिच्यातील तांबे धूर न करता, पूर्ण वजनाने व मालकाच्या नावाच्या पावतीने घराबाहेर पडेल.